शाळेजवळ माझी सँडविचची गाडी आहे आणि माझाच मुलगा ५४ किलोचा झालाय. जबाबदारी कुणाची?

सँडविचवाला, नाशिक

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसतं वाचतोय, लिहितोय आज पहिल्यांदा. लांबलं तर समजून घ्या.

माझी सिडकोत सँडविचची गाडी आहे. आधी अंबडला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर होतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कंत्राटी माणसं कमी केली, त्यात मी गेलो. बायकोचं सोनं गहाण टाकून गाडी उभी केली. ते सोनं दोन वर्षांत सोडवलं. धंदा चांगला चालतो, खोटं बोलणार नाही. समोर शाळा, शाळेला लागून दोन क्लासेस. शाळा सुटली की क्लास भरेपर्यंत आणि क्लास सुटल्यावर पुन्हा, अशी दोनदा पोरांची झुंबड असते. गल्ल्यातले निम्म्याहून जास्त पैसे युनिफॉर्मातल्या पोरांकडून येतात.

मुलगा अकरा वर्षांचा आहे, सहावीत. गेल्या महिन्यात शाळेत आरोग्य तपासणी झाली आणि चिठ्ठी आली. उंची १४३ सेंमी, वजन ५४ किलो, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. डॉक्टरांनी वजनाच्या आधी त्याची मान बघितली. मागच्या बाजूला काळा, जाडसर पट्टा आहे. आम्हाला तो वर्षभर दिसत होता. बायको दर रविवारी काथ्यानं घासायची, मळ आहे म्हणून. पोरगं ओरडायचं, कधी कातडी लाल व्हायची, तरी घासायची. मीच म्हणायचो, नीट घास, वर्गात पोरं चिडवतात त्याला. डॉक्टर म्हणाले, हा मळ नाही. रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतंय, त्याची ही खूण आहे. बायको तिथेच रडायला लागली. तिला साखरेचं काही वाटलं नव्हतं, त्या काथ्याचं वाटलं.

रक्त तपासलं. साखर अगदी काठावर. सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी, पहिल्या पायरीची.

मग आहारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, रात्री काय जेवतो? आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. साडेनऊला गाडी आवरताना ब्रेड उरतो, किसलेलं चीज उरतं, उकडलेला बटाटा उरतो. बटाटा दुसऱ्या दिवशी वापरायचा नाही हा माझा नियम आहे, गिऱ्हाइकाच्या तब्येतीसाठी. मग त्याचं करायचं काय? तिथेच तव्यावर तिघांचं टोस्ट करायचं आणि घरी जाऊन झोपायचं. आठवड्यातल्या चार-पाच रात्री, पाच वर्षं. गिऱ्हाइकाला जे उद्या चालणार नाही ते आज आपल्या पोराला, असा हिशोब मी केला आणि त्यात काटकसर बघितली.

दुसरं म्हणजे, शाळा सुटल्यावर तो गाडीमागे स्टुलावर बसतो. घरी कुणी नाही, बायको माझ्याबरोबर कांदा-टोमॅटो कापायला असते. पाच ते साडेनऊ तो स्टुलावर. एका हातात माझा जुना मोबाईल, दुसऱ्या हातात काहीतरी खायला. गिऱ्हाइकं म्हणायची, मालकाचा मुलगा बघा किती गुटगुटीत आहे, माल चांगलाच असणार. मला बरं वाटायचं ते ऐकून.

बाईंनी माझ्याच चीज ग्रिलचा हिशोब करून दाखवला. कृती मीच सांगितली. ब्रेडच्या तीन स्लाइस, आतबाहेर मिळून ३० ग्रॅम बटर, ५० ग्रॅम चीज, बटाटा, वर मेयोनीज. साधारण ७०० कॅलरी. सोबत २५० मिलीची कोल्ड्रिंकची बाटली, तिच्यात सहा चमचे साखर. या वयाच्या मुलाला अख्ख्या दिवसाला सुमारे २२०० कॅलरी लागतात. म्हणजे एका बसणीत तिसरा हिस्सा, आणि पोरं याला मधल्या वेळचं खाणं म्हणतात. याच्यावर घरी जाऊन जेवतात.

त्या संध्याकाळी गाडी लावली. माझ्या मुलाच्याच वयाचा एक मुलगा आला, रोजचा आहे. अंगानंही तसाच. शंभराची नोट ठेवली आणि म्हणाला, काका, डबल चीज, बटर जास्त. मी सुरी हातात घेऊन त्याची मान बघत उभा राहिलो. तिथेही काळा पट्टा होता.

मी त्याला नेहमीसारखं सँडविच करून दिलं. पैसे घेतले. रात्रभर झोप लागली नाही.

आता विचारायचं ते विचारतो. पोराचं वजन वाढलं ही चूक आमची, आई-बापाची, हे मी मान्य करतो. ते कुणावर ढकलायला इथे आलेलो नाही. पण त्या दुसऱ्या मुलाचं काय? त्याचे आई-बाप त्याला पैसे देतात, तो स्वतः येतो, मागतो, मी देतो. माझी जबाबदारी कुठे सुरू होते? शाळेच्या पोरांना विकणं बंद करू का? केलं तर महिन्याचं गणित निम्म्यावर येईल. आणि शेजारी चायनीजची गाडी आहे, पोरगा तिथे जाईल.

स्पष्ट बोलतो

दादा, तुम्ही प्रामाणिक आहात, पण उगाच स्वतःला त्रास करून घेताय. तुम्ही कुणाच्या तोंडात कोंबलं नाही. दुकानदारानं चांगला माल द्यावा, ताजा द्यावा, योग्य भावात द्यावा, तिथे त्याचं काम संपलं. पुढे ज्यानं त्यानं आपलं पोट बघावं. आम्हीही शाळेबाहेर खाल्लं, वडापाव खाल्ला, बर्फाचे गोळे खाल्ले, आमच्यातलं कुणी असं फुगलं नव्हतं. आजकालच्या पालकांना नाही म्हणता येत नाही, हे खरं दुखणं आहे. तुमच्या घरात तुम्ही सुधारा. जगाचं ओझं घेऊ नका.

सँडविचवाला, नाशिक

घरापुरतं तुमचं शंभर टक्के पटतं, साहेब. पण मीही तेव्हा शाळेबाहेर खाल्लंय. देवळाली गावात आमच्या शाळेबाहेर एक म्हातारी बसायची. बोरं, चिंचा, आवळे, कैरीच्या फोडी, शेंगदाण्याची चिक्की. खिशात आठ आणे, तेही रोज नाहीत. वडापाव म्हणजे बाप पगाराच्या दिवशी नाशिकरोडला घेऊन जायचा तेव्हा. तेव्हा माझ्यात काही संयम होता म्हणून मी कमी खाल्लं असं नाही. मिळतच नव्हतं. आता मी रोज तिथे उभा आहे, तव्यावर बटर सोडलं की वास शाळेच्या फाटकापर्यंत जातो. तो जावा म्हणूनच मी गाडी वाऱ्याच्या बाजूला लावतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मग त्या पोरानं स्वतः ठरवलं असं मी कसं म्हणू?

दोन मुलांची आई, पुणे

तुमची पोस्ट वाचून मी बराच वेळ बसून राहिले. तुमच्या त्या शंभरच्या नोटेची दुसरी बाजू मी आहे.

माझा मोठा आठवीत आहे. शाळा दोनला सुटते, क्लास चार ते सात. मी हिंजवडीहून घरी यायला साडेआठ. सकाळी सहाला उठून पोळी-भाजीचा डबा देते, तो अर्धा परत येतो. मुलं डबे उघडून बघतात म्हणे, कुणाकडे काय आहे. याच्या डब्यात दोडक्याची भाजी निघाली की हा झाकण लावतो. मग मी सकाळी टेबलावर ६० रुपये ठेवते. खरं सांगायचं तर ते पैसे भुकेसाठी नसतात. मी तिथे नसते ना, त्याची ती भरपाई असते. मला हे माहीत आहे आणि तरी मी रोज ठेवते.

कोपऱ्यावरच्या गाडीवाल्यानं माझ्या मुलाला कधी ‘आज नको, कालच खाल्लंस’ असं म्हटलं, तर मला राग येणार नाही. रडू येईल बहुतेक. म्हणजे त्याच्याकडे कुणाचं तरी लक्ष आहे.

पण तुम्ही बंद करा असं मी म्हणू शकत नाही. माझा पगार चालू आहे आणि तुम्हाला धंदा सोडा म्हणायचं, हे मला जमणार नाही.

बालरोग, कोल्हापूर

मी बालरोगतज्ज्ञ आहे, २२ वर्षं. आधी त्या काथ्याबद्दल लिहितो, कारण तुमच्या घरात तेच जास्त सलतंय. माझ्याकडे येणाऱ्या अशा मुलांपैकी बहुतेकांच्या मानेवर घासल्याच्या खुणा असतात. कुणाची आजी हळद लावते, कुणी लिंबू चोळतं. तुमच्या मंडळींना सांगा, त्यांनी काही वेगळं केलेलं नाही. इन्सुलिन ताळ्यावर आलं की तो पट्टा हळूहळू फिका होतो, औषध न लावता. घरच्या घरी प्रगती बघायला वजनकाट्यापेक्षा ते बरं.

तुमच्या आकड्यांवरून मुलाचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, २६ च्या वर आहे. आपल्याकडच्या मुलांसाठी भारतीय बालरोग अकादमीनं २०१५ मध्ये वेगळे तक्ते केले. मोठ्या माणसाचा २३ (वजन जास्त) आणि २७ (लठ्ठपणा) हा आकडा धरून त्या त्या वयाची रेघ आखली आहे. परदेशात २५ आणि ३० धरतात. आपली रेघ खाली का, याचं उत्तर पुण्यातच मिळालं. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. आपली बाळं सरासरी २.७ किलोची, तिकडची साडेतीन किलोची. आपली बाळं स्नायूंत, पोटात, उंचीत सगळ्यात लहान, पण कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ राखलेली. बारीक दिसणारी, पण आतून चरबी धरणारी. अशा शरीराला पुढे रोज बटर, मैदा, साखर मिळाली आणि पळणं थांबलं, की साखर आणि लिव्हर लवकर बोलायला लागतात. म्हणून ‘आमच्या वेळी कुणी फुगलं नव्हतं’ हे वाक्य मला पटत नाही. आमच्या वेळची ती बारीक पोरं आता पन्नाशीत मधुमेहाच्या गोळ्या घेतायत.

आता उपचार. अकरा वर्षांच्या मुलाला डाएटवर टाकू नका, उपाशी ठेवू नका. त्याचं वजन उतरवायची घाई नको. पुढच्या दोन-तीन वर्षांत उंची झपाट्यानं वाढेल. तोवर वजन आहे तिथे राहिलं तरी पुष्कळ काम होतं. रात्रीचं जेवण घरचं आणि आठच्या आत, कोल्ड्रिंक पूर्ण बंद, रोज तासभर घाम येईल असं खेळणं, नऊ तास तरी झोप. हे तिघांनीही करायचं. एकट्या मुलाच्या ताटात भाकरी आणि तुमच्या दोघांच्या हातात टोस्ट, असं एकदाही झालं तर सगळं फुकट जाईल. कमरेचा घेर मोजून ठेवा, तो उंचीच्या निम्म्याच्या आत यायला हवा.

जबाबदारी कुणाची हा प्रश्न मी माझ्या खोलीत कधी विचारत नाही. एकदा विचारला होता, नवा असताना, एका आईला सगळ्यांसमोर. ती पुन्हा आलीच नाही. मुलगा पाच वर्षांनी आला, तेव्हा त्याला मधुमेह झालेला होता.

न्यू जर्सीतला सांगलीकर

तुमच्या प्रश्नावर इकडे खरोखर खटला झाला होता, म्हणून लिहितो. २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या दोन मुलींच्या वतीनं मॅकडोनाल्ड्सवर दावा लावला गेला. म्हणणं असं की इथलं खाऊन आमचं वजन वाढलं, आजार जडले, आणि कंपनीनं खाण्यात काय आहे ते धड सांगितलं नाही. जानेवारी २००३ मध्ये न्यायाधीश रॉबर्ट स्वीट यांनी दावा फेटाळला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की हे खाणं अति केलं तर वजन वाढतं हे सगळ्यांना माहीत आहे, आणि माहीत असून माणूस अति करत असेल तर त्या अतिरेकापासून त्याला वाचवणं हे कायद्याचं काम नाही. त्याच निकालात त्यांनी एक फट मात्र ठेवली. घरच्या स्वयंपाकघरात कधी होणार नाही इतकी प्रक्रिया एखाद्या पदार्थावर केलेली असेल, तर त्यातला धोका गिऱ्हाइकाला कळणार कसा? चिकन नगेट्सना त्यांनी ‘मॅकफ्रँकेन्स्टाइन’ म्हटलं. दावा नव्यानं मांडला गेला, २००५ मध्ये अपील न्यायालयानं त्याचा काही भाग पुन्हा जिवंत केला, पण २०१० मध्ये सगळ्यांच्या वतीनं एकत्र खटला चालवायला परवानगी नाकारली गेली. दरम्यान असे दावे लावताच येऊ नयेत म्हणून एक विधेयक आलं. लोक त्याला चीजबर्गर बिल म्हणत. प्रतिनिधीगृहानं ते २००४ आणि २००५ असं दोनदा मंजूर केलं, सिनेटमध्ये अडकलं. त्याच्या नावातच ‘वैयक्तिक जबाबदारी’ हे शब्द होते.

मी इकडे आलो तेव्हा हा निकाल मला अगदी बरोबर वाटला होता. स्वतः खायचं आणि दुसऱ्यावर दावा लावायचा, हे काय? मग मुलगी झाली. ती चार वर्षांची असताना सोबत मिळणाऱ्या खेळण्यासाठी तिथलं खाणं मागायची, खाण्याला हातही लावायची नाही. तेव्हा ध्यानात आलं की ‘सगळ्यांना माहीत आहे’ मधल्या ‘सगळ्यां’त ती नाही. आणि ते खेळणं तर तिच्यासाठीच ठेवलेलं होतं. सॅन फ्रान्सिस्को शहरानं २०१० मध्ये अशा खेळण्यांवर नियम केला. चिलीनं तर २०१६ पासून जास्त साखरेच्या, जास्त मिठाच्या पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के सक्तीचे केले, आणि मुलांना भुलवायला त्या पाकिटांवर कार्टून काढायला बंदी घातली. शिक्का वाचता न येणाऱ्या मुलालाही तो दिसतो.

तुमची गाडी आणि ती कंपनी एका मापानं मोजू नये असं मला वाटतं. कंपनीला त्या दोन मुली कधी दिसल्या नाहीत. तुम्हाला मुलाची मान दिसली.

सँडविचवाला, नाशिक

शेवटचं वाक्य वाचून छातीत कळ आल्यासारखं झालं.

आपल्याकडे कायदा काय आहे ते मी शोधलं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०२० चे नियम आहेत. ज्यात चरबी, साखर, मीठ जास्त आहे असे पदार्थ शाळेच्या आत आणि फाटकापासून कुठल्याही दिशेला ५० मीटरच्या आत शाळेच्या पोरांना विकता येत नाहीत. आपल्या राज्यानं त्याआधी २०१७ मध्येच शाळांच्या कँटीनमधून असले पदार्थ काढायला सांगितलं होतं. पाच वर्षांत मला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नाही. परवाना काढताना नाही, नूतनीकरणाच्या वेळी नाही. काल सकाळी रस्ता मोकळा असताना टेप लावून मोजलं. फाटकापासून गाडी ३८ मीटर.

म्हणजे १२ मीटर मागे सरकलो की मी कायद्यात बसतो. केळीच्या गाडीपलीकडे जागा आहे, सरकता येईल. पण पोरगं ते १२ मीटर दहा सेकंदांत चालतं. सरकणार आहे, नियम तो नियम. मनाला मात्र तेवढ्यानं बरं वाटत नाही. आणि २०२५ च्या सप्टेंबरात चीज-बटरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे उलट जास्त घालायला परवडायला लागलं. सफरचंदाचा भाव मात्र खाली आलेला नाही.

बी.कॉम. शेवटचं वर्ष, सांगली

मी तुमचा मुलगा होतो. अकराव्या वर्षी ५९ किलो.

दोनच गोष्टी सांगतो. आमच्याकडे पप्पांनी फ्रिजला कुलूप लावलं होतं. माझ्यासमोर, पाहुण्यांसमोर. मग मी आत्याकडे गेलो की न्हाणीघरात लपवून बिस्किटं खायचो, चव न घेता, पटापट. ती सवय सुटायला वजन उतरण्यापेक्षा जास्त वर्षं लागली. अजून कधीकधी रात्री हात जातो.

दुसरं, गाडीवर गिऱ्हाइकांसमोर त्याच्याविषयी बोलू नका. ‘आता आमच्याकडे कमी बटर, पोराला साखर निघाली म्हणून’ असं एकदा जरी म्हणालात तरी ते शाळेत पोचेल. त्याचे वर्गमित्रच तुमचे गिऱ्हाईक आहेत.

मला जाड म्हणणाऱ्या पोरांचा राग नव्हता. लग्नात ताटात दुसरा गुलाबजाम घेतल्यावर सगळ्या काकवा माझ्याकडे एकदम बघायच्या, ते आठवतं. त्याच काकवा चौथ्या वर्षी मला मांडीवर घेऊन भरवायच्या आणि गुटगुटीत म्हणून गाल ओढायच्या. नक्की कुठल्या वर्षी ते कौतुकाचं थांबलं ते मला कुणी सांगितलं नाही.

सँडविचवाला, नाशिक

बाळा, मी तुझं ऐकलं. बोलणार नाही.

पीटी मास्तर

जिल्हा परिषदेच्या शाळेत १७ वर्षं खेळ शिकवतोय. सगळे खाण्यावर बोलतायत म्हणून मी पायांवर बोलतो. शहरातल्या बऱ्याच शाळांना मैदान म्हणजे चार बस उभ्या राहतील एवढी फरशी. चाचणी परीक्षा जवळ आली की खेळाचा तास गणिताला जातो. पालकसभेत आजवर एकाही पालकानं मला विचारलं नाही की माझं मूल आज किती पळालं.

दादा, मुलाला आधी पळायला लावू नका, गुडघे दुखतील आणि पहिल्या दिवशीच नको म्हणेल. पंधरा दिवस चाला. मग लंगडी, लगोरी, डॉजबॉल, ज्यात हरलं तरी हसू येतं असे खेळ घ्या. अंगानं भारी पोरगं कबड्डीत बचावाला उत्तम, कोपरा धरून त्यानं एक पकड केली की बाकीचे खांद्यावर घेतात. मी पाहिलंय हे. आणि स्टूल आधी हलवा. साडेचार तासांचं बसणं तुमच्या चीजइतकंच वाईट.

दाबेलीवाला, इचलकरंजी

धंद्यातला माणूस म्हणून सांगतो भावा, बंद करू नको. तू उठलास की तुझ्या जागेवर उद्या दुसरा उभा राहील, आणि तो मान बघणार नाही.

मी काय केलं ते लिहितो. कोल्ड्रिंकचा फ्रिज कंपनीला परत दिला. २० च्या बाटलीवर सुटतात किती? विजेचं बिल धरलं तर काही उरत नव्हतं. त्याजागी ताक आणि कोकम सरबत, साखर हाताच्या मापानं. सुरुवातीला पोरं नाकं मुरडायची, उन्हाळ्यात ताक पुरं पडेना. बटर सुरीनं लावणं बंद, वितळवून ब्रशनं. निम्म्याहून कमी लागतं आणि चवीत कुणी तक्रार केली नाही. तळणाचं तेल दोन दिवसांनी बदलतो. जुनं तेल घेऊन जाणारे लोक आहेत, त्याचं डिझेल करतात, किलोला पैसेही देतात. भाजलेले दाणे आणि उसळीची भेळ मात्र चालली नाही. चार दिवस केली, घरी आणून खाल्ली.

स्पष्ट बोलतो

सगळं वाचलं. वाऱ्याच्या बाजूचं लिहिलंत ते डोक्यातून जात नाहीये. माझं मत पूर्ण बदललं असं म्हणत नाही, पालकांनी नाही म्हणायला शिकलंच पाहिजे. पण तुमचा प्रश्न मी उगाच उडवून लावला.

सँडविचवाला, नाशिक

तीन आठवडे झाले, म्हणून कळवतो.

गाडी केळीवाल्याच्या पलीकडे नेली, ६१ मीटर. आणि वाऱ्याच्या उलट बाजूला. कोल्ड्रिंक बंद, ताक सुरू. डबल चीज बोर्डावरून पुसलं. कुणी मोठं माणूस मागतं, त्याला देतो. शाळेच्या कपड्यातल्या पोरांना ब्रशनं बटर, एकच स्लाइस चीज, काकडी-बीट-टोमॅटो दुप्पट, भाव दहा रुपये कमी. दिवसाला सातशे-आठशेचा फटका बसतोय. पहिल्या आठवड्यात जास्त होता. चायनीजवाल्याकडे पोरं गेली, काही परत आली. त्याच्याशी बोलायचं आहे, अजून धीर झाला नाही.

गाडी आता साडेसहाला लावतो. शाळा सुटल्यावर मी आणि मुलगा इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर जातो. पहिल्या दिवशी अर्ध्या फेरीत तो बसला. मीही बसलो, माझाही दम गेला होता. आता दोन फेऱ्या होतात. मध्ये एका बाकाजवळ काही पोरं लगोरी मांडतात, त्याची नजर तिकडे असते, पण अजून गेलेला नाही. मी ढकलत नाही.

बायको सातला घरी जाते आणि भाकरी, पालेभाजी, वरण करते. आठला दोघं जेवतात. मी गाडीवर डबा नेतो आणि आठलाच उघडतो, तिथे उभ्यानं. बटाटा आता कमी उकडतोय, उरलाच तर गाईला.

तो रोजचा मुलगा आला होता परवा. बोर्ड बघून म्हणाला, काका, डबल चीज संपलं का? मी म्हटलं, तुझ्यासाठी संपलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग मी त्याला विचारलं, आई-बाबा कुठे असतात? आई दवाखान्यात आया आहे, रात्रपाळी असते, वडील ट्रकवर. घरी आजी आहे, तिला दिसत नाही. मी त्याला सांगितलं, आईला एकदा घेऊन ये, सँडविच माझ्याकडून. काय बोलायचं, मानेचा विषय कसा काढायचा, ते मला अजून सुचलेलं नाही. कोल्हापूरचे डॉक्टर, तुम्ही सांगाल का? तिला मेलेल्याहून मेल्यासारखं होऊ नये, आणि तिनं त्याची मान घासू नये, एवढं मला साधायचं आहे. रविवारी तिला सुट्टी असते.